रस्ता सुरक्षेचा पैसा वस्तीपर्यंत कधी येणार?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये रस्त्याचा उल्लेख आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? शासनाच्या पैशातून पूर्णपणे किंवा अंशतः राखल्या जाणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा वापर करण्यापासून कोणाही नागरिकाला जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून रोखता येणार नाही, असे या अनुच्छेदाचा दुसरा खंड सांगतो. ‘रस्ते’ हा शब्द तेथे उगीच आलेला नाही. पेशवाईत अस्पृश्यांना सार्वजनिक रस्त्याने मोकळेपणी चालण्याची बंदी होती, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात दिला आहे. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वायकोम येथे जो सत्याग्रह सुरू झाला, तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्याचसाठी होता. १९२७ साली महाडला हजारो माणसे चवदार तळ्याकडे निघाली, तीही मिरवणुकीने, भर रस्त्यावरून. रस्त्यावरून चालणे हा आपल्यासाठी आधी हक्काचा प्रश्न होता. वाहतुकीचा प्रश्न तो नंतर झाला.

आज रस्त्यावर कोणी अडवत नाही. पण रस्ता ओलांडायला गेलेला माणूस घरी परत येईल याची खात्री कोणी देते काय? ही खात्री पैशाने विकत घेता येते. पदपथ, दिवे, गतिरोधक, भुयारी मार्ग, शाळेपुढचे कठडे ही सगळी पैशाची कामे आहेत. पैसाही आहे. मग तो जातो कोठे आणि मिळतो कोणाला, याचा हिशेब समाजाने मागायला हवा.

मरतो कोण?

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यात पायी चालणारे ३२ हजार ८२५ आणि दुचाकीवरचे ७४ हजार ८९७ होते. म्हणजे शंभर मृतांपैकी चौसष्ट माणसे एकतर पायी होती, नाहीतर दुचाकीवर होती. मोटारीत बसलेले शंभरात बारा-तेरा. महाराष्ट्रात त्याच वर्षी पंधरा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी देशाचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला.

या अहवालांत मृताचे वय, लिंग आणि वाहन दिलेले असते. त्याची जात आणि उत्पन्न दिलेले नसते. तरीही पायी कोण चालतो, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. पहाटे महानगरपालिकेचा झाडू घेऊन निघालेली बाई पायी असते. नाक्यावर कामाच्या शोधात उभा राहणारा मजूर पायी असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारे पोर पायी असते.

जागतिक बँक आणि सेव्हलाइफ फाऊंडेशन यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत पाहणी करून २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. अपघातामुळे गरीब कुटुंबाचे सात महिन्यांहून अधिक कमाईइतके नुकसान होते, तर श्रीमंत कुटुंबाचे एका महिन्याच्या कमाईइतकेही होत नाही, असे त्यात आढळले. अपघात एकच असतो, पण एका घरात तो विम्याच्या कागदावर मिटतो आणि दुसऱ्या घरात मुलीची शाळा सुटते, दागिना मोडतो, सावकार दारात येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर होत्या. त्या तशा का होत्या, हे या वृत्तपत्राच्या वाचकाला सांगायला नको. गावात गर्दी नको म्हणून जेव्हा बाह्यवळण रस्ता काढला जातो, तेव्हा तो गावाच्या कडेने जातो आणि कडेला अनेक ठिकाणी वस्ती असते. मग शाळा, रेशन दुकान, दवाखाना, एसटीचा थांबा रस्त्याच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होते. शहरातही तेच. घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून आहे. महामार्गाचा वेग दुसऱ्यांसाठी असतो आणि त्याची जोखीम कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला येते.

पैसा किती खिशांत आहे?

रस्ता सुरक्षेला निधी नाही, असे उत्तर कोणी अधिकारी देत असेल तर ते ऐकून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३० नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल दिला. प्रत्येक राज्याने रस्ता सुरक्षा निधी उभा करावा आणि वाहतूक दंडाच्या रकमेतील काही भाग त्यात टाकावा, असे त्यात स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असावी, हेही त्यातच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १६४-ब नुसार मोटार वाहन अपघात निधीची तरतूद आली. सदोष रस्ता बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ठेकेदाराला, सल्लागाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड कलम १९८-अ मध्ये आला. तो दंडही याच निधीत जमा व्हायचा आहे.

खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. त्यातील किमान १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के रकमेची कामे अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावीत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. १५ टक्के म्हणजे ७५ लाख रुपये, दरवर्षी. पायवाट, छोटा पूल, दिवाबत्ती यांना ही रक्कम अपुरी नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी वेगळा. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्यात रस्ता सुरक्षेचे प्रबोधन बसते, असा खुलासा केंद्र सरकारने जून २०१४ मध्ये केला. शिवाय स्वयंसेवी संस्थांना रस्ता सुरक्षेच्या प्रचारासाठी अनुदान देण्याची योजना केंद्रीय मंत्रालय राबवत आले आहे.

एवढे खिसे भरलेले असताना वस्तीसमोर साधा पट्टा ओढलेला नसतो. असे का होते?

फलक झाले, रॅली झाली, पुढे काय?

पहिले कारण असे की हा पैसा अर्ज करणाऱ्याला मिळतो. नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब, प्रकल्प अहवाल आणि ओळखीपाळखी ज्याच्याजवळ असतात, अनुदान त्याच्याकडे जाते. वस्तीतल्या मंडळाकडे यातले काय असते? भीमजयंतीची वर्गणी चोख वहीत लिहिणारे आणि पै-पैचा हिशेब देणारे आपले तरुण प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर अडतात. ज्यांची माणसे मेली त्यांच्या नावाने अनुदान येते आणि शहरातल्या सभागृहात चर्चासत्र होऊन संपते.

दुसरे कारण म्हणजे पैसा प्रबोधनावर खर्च करणे सोपे असते. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह येतो. अलीकडे तर महिनाच पाळला जाऊ लागला. हेल्मेटची रॅली निघते, शाळेत चित्रकला स्पर्धा होते, पाहुणे हिरवी झेंडी दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. प्रबोधनाला आमचा विरोध नाही. फुले-आंबेडकरी चळवळ प्रबोधनावरच उभी आहे. पण पदपथ नसलेल्या रस्त्यावर पदपथाने चालण्याचे प्रबोधन कोणाला करता? पट्टा नाही तेथे झेब्रा क्रॉसिंगवरून जा, हे कोणाला शिकवता? अशा प्रबोधनाचा छुपा अर्थ एकच निघतो : जो मेला, तो स्वतःच्या चुकीने मेला.

तिसरे कारण मोजमापाचे आहे. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तरच ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे अपघातप्रवण स्थळ ठरते. मग दुरुस्तीचा प्रस्ताव निघतो. म्हणजे निधी यायला आधी रक्त सांडावे लागते, आणि ते सरकारी कागदावर सांडावे लागते! हद्दीच्या वादात गुन्हा नोंदवला गेला नाही, जखमीला नातेवाइकांनी परस्पर खाजगी दवाखान्यात नेले, मालकाने काही हजार हातावर ठेवून प्रकरण मिटवले, तर तो अपघात मोजलाच जात नाही. गरिबाचे अपघात असे मिटवले जातात आणि त्याच्या वस्तीसमोरची जागा कागदोपत्री सुरक्षित राहते.

योग्य ठिकाणी खर्च केला की माणसे वाचतात, याचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जणांचा बळी गेला होता. त्यानंतर शासनाचे रस्ते विकास महामंडळ, पोलीस, सेव्हलाइफ फाऊंडेशन आणि खाजगी कंपनीचा निधी यांनी मिळून कठडे, खुणा, वेगावर नियंत्रण आणि तातडीची वैद्यकीय मदत यांवर काम केले. पुढच्या काही वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. या कामाचे स्वागतच आहे. पण त्या मार्गावर पादचाऱ्याला आणि दुचाकीला प्रवेशच नाही, हे विसरता येत नाही. ज्या रस्त्यावर मोटारवाले मरत होते तेथे पैसा, कंपनी, तज्ज्ञ सारे एकत्र आले. जेथे पायी चालणारा मरतो तेथे असे कधी एकत्र येणार?

इच्छा असली की किती लवकर काम होते, हे महाडनेही पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या पुरात गेल्या. देश हादरला. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो अनुयायी येतात, तेव्हा पुणे-अहिल्यानगर मार्गावरची वाहतूक वळवली जाते, वाहनतळ केले जातात, चालणाऱ्यांना रस्ता मोकळा मिळतो. एका दिवसासाठी प्रशासन चालणाऱ्याला प्रथम स्थान देऊ शकते, तर उरलेल्या दिवसांत निदान वस्तीपुढच्या अर्ध्या किलोमीटरला का देऊ शकत नाही?

वस्तीचा निधी महामार्गाला नको

येथे एक धोक्याचा इशारा देणे भाग आहे. वस्तीसमोर पदपथ हवा, अशी मागणी केली की तत्परतेने उत्तर येते : समाजकल्याणच्या वस्ती विकास योजनेतून घ्या, किंवा शहरात लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजनेतून घ्या. वस्तीच्या आतला रस्ता, गटार, दिवे यांसाठी त्या योजना आहेत आणि तो निधी पुरेपूर घेतला पाहिजे. पण महामार्ग वस्तीने मागितलेला नाही. तो ज्या यंत्रणेचा आहे, त्या यंत्रणेनेच तो सुरक्षित केला पाहिजे. टोलचा पैसा ते घेणार, दंडाचा पैसा शासन घेणार आणि ओलांडण्याच्या पुलाचा खर्च मात्र अनुसूचित जातींच्या वाट्यातून जाणार, हा कोणता न्याय?

अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचा पैसा दुसरीकडे वळवण्याची सवय जुनी आहे. २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ सालीच या निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. म्हणून रस्ता सुरक्षेसाठी भांडताना आपल्याच ताटातला घास उचलून आपल्याच ताटात वाढला जात नाही ना, हे पाहावे.

अमेरिकेतून काय घ्यावे, काय टाळावे?

अमेरिकेने १९६६ साली महामार्ग सुरक्षा कायदा केला. त्याखाली केंद्र सरकार राज्यांना जे अनुदान देते, त्यातील किमान ४० टक्के रक्कम शहरे, परगणे अशा स्थानिक संस्थांनी किंवा त्यांच्यासाठी खर्च झाली पाहिजे, अशी कायद्याचीच अट आहे. राजधानीत बसून सगळा पैसा फलकांवर उडवता येत नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. ‘सेफ स्ट्रीट्स अँड रोड्स फॉर ऑल’ या कार्यक्रमात २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ५ अब्ज डॉलरची तरतूद झाली. त्यात शहरे, परगणे आणि आदिवासींची शासने राज्याला मध्ये न घालता थेट अर्ज करू शकतात. आराखडा तयार करण्यासाठीही वेगळे अनुदान मिळते.

पण तेथेही गोम आहे. स्थानिक संस्थेने किमान २० टक्के वाटा स्वतः उचलायचा असतो. ज्या गावाची तिजोरी रिकामी, त्याने हा वाटा कोठून आणायचा? अर्ज लिहिणारा अधिकारी ज्याच्याकडे नाही, तो स्पर्धेत कसा टिकणार? तेथे काळ्या पादचाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, हे तेथलेच अभ्यास सांगतात. म्हणून घ्यायचे ते एवढेच : स्थानिक पातळीसाठी कायद्याने राखलेला हिस्सा आणि आराखड्यासाठी मदत. टाळायचे ते हे की गरिबाला श्रीमंताशी अर्जांच्या शर्यतीत उतरवू नये. अनुदान जिथे माणसे मरतात तिथे आपोआप गेले पाहिजे, जिथे अर्ज सुंदर लिहिला जातो तिथे नव्हे.

वस्तीने काय करावे?

शासन करील तेव्हा करील. तोपर्यंत हात बांधून बसणे आपल्याला शिकवलेले नाही.

प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. अपघात कोणत्या तारखेला, किती वाजता, नेमका कोठे, कोणत्या वाहनाने, कोण जखमी, गुन्हा नोंदवला की नाही, हे त्यात लिहावे. किरकोळ अपघातही लिहावा. वर्ष-दोन वर्षांची अशी वही म्हणजे वस्तीचा स्वतःचा दस्तऐवज होतो. पोलिसांच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागवून वहीशी ताडून पाहाव्यात. ज्या नोंदी गायब असतील, त्याच तुमच्या मागणीचा सर्वात मोठा आधार ठरतील.

मग ग्रामसभेत किंवा प्रभागात ठराव घ्यावा. मागणी मोघम नको. अमुक थांब्यापासून अमुक कमानीपर्यंत पदपथ, शाळेपुढे वेगाची मर्यादा आणि गतिरोधक, दोन दिवे, एक पट्टा, असे लिहावे. वेग कमी करणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा ठराव आणि वहीची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पोचवून पोच घ्यावी. या समितीत नागरिकांचेही प्रतिनिधी असावेत, असे २०१७ च्या निकालात आहे. ते कोण आहेत, समितीच्या बैठका कधी झाल्या, दंडाच्या रकमेतून जिल्ह्याला किती आले, हे विचारावे.

न्यायालयाचे हत्यारही हाती आहे. पदपथावरून विनाअडथळा चालणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी सहा महिन्यांत नियम करण्याचे आदेश राज्यांना दिले आणि पन्नास शहरांतील पदपथांची तपासणी करायला सांगितले. तुमचे शहर त्यात आहे काय आणि तपासणीत तुमची वस्ती आली काय, एवढे विचारले तरी फाईल हलते.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर हक्काचे पैसे सोडू नयेत. वाहन पळून गेले असेल तर मृताच्या कुटुंबाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना आहे. या योजना वस्तीत किती जणांना माहीत आहेत? बुद्धविहारातल्या फलकावर एक कागद लावायला खर्च येत नाही.

शासनाकडे मागणी एकच. दंडाच्या रकमेतून आणि अपघात निधीतून ठराविक हिस्सा कायद्याने ग्रामपंचायती आणि प्रभागांसाठी राखून ठेवा, तो मृत्यू आणि जखमींच्या प्रमाणात वाटा, आणि आराखडा तयार करायला वस्तीला अभियंता द्या. संविधानाने रस्ता सर्वांचा केला. तो चालणाऱ्यासाठी जिवंत परत येण्याजोगा करणे हे त्याच संविधानाखाली निवडून आलेल्यांचे कर्तव्य आहे. त्यात कोणाची मेहेरबानी नाही, आणि मेहेरबानी म्हणून आपण ते मागूही नये.